हयातीचा दाखला, व्हाया कर्जत

मी जिवंत आहे हे सिद्ध करायला गेल्या नोव्हेंबरात मी डोंबिवलीहून निघालो आणि कर्जतला पोचलो. माझी बँक फोर्टात आहे. मध्य रेल्वेचा भूगोल ज्यांना पाठ आहे त्यांना एवढ्यावरून माझी योग्यता कळली असेल. इतरांसाठी सांगतो: फोर्टात जायचं तर समुद्राच्या दिशेला जावं लागतं आणि कर्जत घाटाच्या पायथ्याशी आहे.

केंद्र सरकारच्या पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण अजून आहोत, असं वर्षातून एकदा सरकारला कळवायचं. घरच्यांना ते रोजच कळत असतं, पण त्यांच्या तक्रारी सरकार पुरावा म्हणून धरत नाही.

"मोबाईलसमोर तोंड धरलं की होतं हल्ली," बायको म्हणाली. "समोरच्या विंगमधल्या आजींनी पलंगावर पडल्या पडल्या केलं. तुम्ही कशाला त्या गर्दीत मरायला जाताय?"

"जिवंत आहे हे दाखवायला," मी म्हणालो. असली वाक्यं मला फार क्वचित वेळेवर सुचतात, त्यामुळे ते बोलून झाल्यावर जाणं भागच होतं.

खरं कारण वेगळं होतं आणि ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. मला खिडकी हवी होती. आठ-चौदाच्या फास्टची, भर गर्दीतली, गाडीच्या दिशेला तोंड असलेली, वाऱ्याची खिडकी. त्रेसष्टाव्या वर्षी माणसाला मोक्ष, नातवंडं, निदान गुडघे तरी हवे असावेत. मला खिडकी हवी होती. हे वेड कुठून आलं ते सांगायचं तर लालबागपासून सुरुवात करावी लागेल.

माझे वडील गिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे पाळी सुरू व्हायच्या वेळी गेटवर जाऊन उभं राहायचं. आतला कोणी आजारी पडला, गावाला गेला, तर त्याच्या जागी काम. नाही तर डबा तसाच घेऊन घरी. त्यांच्या लेखी यशाला एकच शब्द होता: 'कायम'. ते कायम झाले त्या दिवशी चाळीच्या आमच्या मजल्यावर पेढे वाटले गेले आणि आईने खोलीला नवा रंग काढायचं ठरवलं. पुढे १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले आणि कायम म्हणजे किती कायम, ते आम्हाला समजलं. बाबा त्यावर फार बोलले नाहीत. त्यांनी फक्त शब्द बदलला. 'कायम'च्या जागी 'पेन्शन' आलं. आणि एक जुनी अट तशीच राहिली. ते स्वतः पगारपत्रकावर अंगठा उठवत आले होते. "तू सही करायची. अंगठेबहाद्दर राहायचं नाही," हे त्यांनी मला इतक्यांदा बजावलं, की मी तिसरीत असताना वहीच्या शेवटच्या पानांवर सहीचाच सराव करत असे. गणितात नापास झालो तेव्हा प्रगतिपुस्तकावर पालकांची सही मीच केली आणि ती इतकी झोकदार होती की मास्तरांनी लगेच ओळखली.

१९८४ साली मला केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकुनी लागली. पेन्शनसकट. बाबांचं यश तिथे पूर्ण झालं. माझं दोन वर्षांनी डोंबिवलीच्या फलाटावर सुरू झालं.

तेव्हा आम्ही वन रूम किचन घेऊन डोंबिवलीला राहायला गेलो होतो आणि माझी महत्त्वाकांक्षा दोन्ही पाय एकाच वेळी डब्यात असावेत, एवढीच होती. पहिले सहा महिने माझा एक पाय ठाण्यापर्यंत बाहेरच असे. दुसरा आत असे, पण तो माझाच आहे याची खात्री नसे. एकदा घाटकोपरपर्यंत मी जो पाय खाजवत होतो तो निराळ्याच गृहस्थांचा निघाला. त्यांनीही काही म्हटलं नाही. बरं वाटत असावं.

दोन्ही पाय आत आल्यावर मला चौथी सीट दिसू लागली. लोकलचं बाकडं तिघांचं. चौथ्याने कडेला एक मांडी टेकवायची, दुसरी हवेत ठेवायची आणि आपण बसलो आहोत असं समजायचं. चौथ्या सीटवर बसून आलेला माणूस उभं राहून आलेल्यापेक्षा जास्त दमतो, हे मी अनुभवाने सांगतो, पण ऑफिसात "आज बसून आलो" असं म्हणता येतं. त्या एका वाक्यासाठी मी पाच वर्षं खर्च केली.

आणि चौथी सीट नुसती घुसून मिळत नाही. त्यासाठी ग्रुपमध्ये असावं लागतं. आमच्या डब्यात भजनी ग्रुप होता. बुवा खड्या आवाजाचे, एक गृहस्थ डब्याच्या पत्र्यावर पखवाज वाजवायचे, बाकीचे टाळकरी. मला त्यांनी १९९१ च्या दसऱ्याला आत घेतलं. त्या दिवशी डब्याला झेंडूची तोरणं लागली होती, पूजा झाली होती आणि पेढ्यांचा खोका मी धरला होता. खोका धरणाऱ्याला एकदम उतरवता येत नाही. बुवांनी माझ्या हातात टाळ दिले.

माझा ताल हा विषय मी टाळतो आहे असं कोणाला वाटू नये. माझा टाळ पडायचा तो समेच्या थोडा आधी किंवा थोडा नंतर, पण कधीही समेवर नाही. बुवांचं म्हणणं असं, की नुसत्या अपघाताने तरी तो कधी ना कधी बरोबर पडायला हवा होता. तेव्हा फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जात. सव्वा किलोमीटरहून लांब असा तो १९१६ सालचा बोगदा. आत शिरलं की चाकांचा आवाज इतका वाढे की कोणाला काही ऐकू येत नसे. "तुम्ही फक्त बोगद्यात वाजवा," असं बुवांनी एक दिवस हात जोडून सांगितलं. मी पुढली दहा वर्षं फक्त बोगद्यात वाजवत होतो. २००५ साली 'डोंबिवली फास्ट' सिनेमा आला. त्यातला नायक रोजच्या जगण्याला विटून शेवटी हातात क्रिकेटची बॅट घेतो. मीही विटलेलोच होतो, पण माझ्या हातात आधीच टाळ देऊन ठेवलेले होते.

ग्रुपमध्ये खिडकीचा एक मान असतो. ती ज्येष्ठतेने मिळते. आमच्या खिडकीत एक खादीवाले गृहस्थ बसत. उपनगरी स्टेशनांवर ते राजाने प्रजेकडे पाहावं तसे बाहेर पाहत. आम्ही त्यांना खिडकीसाहेब म्हणायचो. ते निवृत्त झाले की खिडकी बुवांना, बुवा निवृत्त झाले की मला, असा क्रम ठरलेला होता. पेशवाईतल्या वारसांनी केला नसेल इतका हिशेब मी त्या दोघांच्या जन्मतारखांचा केला. ऑफिसात कोणाचा सेवानिवृत्तीचा कागद टाइप करायला आला की माझ्या डोळ्यांपुढे गार वारा यायचा.

खिडकीसाहेब गेले. म्हणजे निवृत्त झाले. २००१ च्या एप्रिलमध्ये बुवांचाही निरोप समारंभ डब्यात झाला; चिवडा, पेढे, शाल, श्रीफळ. श्रीफळ गर्दीत कोणाच्या तरी पायावर पडलं. दुसऱ्या दिवसापासून खिडकी माझी.

आणि त्याच आठवड्यात मला बढती मिळाली.

इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं ते मला आता स्पष्ट दिसतं. मी मात्र फर्स्ट क्लासचा पास काढला. साहेब झालेल्या माणसाने सेकंडात बसणं बरं दिसत नाही, असं मला ऑफिसात कोणी तरी म्हणालं. निदान तसं कोणी म्हणावं म्हणून मी बराच वेळ चहाच्या टपरीवर उभा होतो. पंधरा वर्षं तपश्चर्या करून मिळालेली खिडकी मी एकदाही न बसता सोडली आणि कितीतरी पट पैसे भरून चौदा वर्षं फर्स्ट क्लासच्या गादीकडे बघत उभा राहिलो. डोंबिवलीला फर्स्ट क्लासमध्ये गर्दी तीच असते. फक्त इथे कोपर मारण्याआधी 'एक्सक्यूज मी' म्हणतात.

एकदा जुन्या डब्यात सहज गेलो. "साहेब आले, साहेब आले!" म्हणून सगळ्यांनी स्वागत केलं, माझ्या हातात चिवडा दिला आणि मला दादरपर्यंत उभं ठेवलं. खिडकीत जो बसला होता तो मला १९९८ साली चौथ्या सीटवरून हटवायला टपलेला पोरगा होता. त्याने माझ्याकडे राजाने प्रजेकडे पाहावं तसं पाहिलं.

२०१५ साली फर्स्ट क्लासमध्ये एक तरुण कानातलं यंत्र काढून उठला आणि म्हणाला, "काका, बसा."

एकोणतीस वर्षं ज्या शब्दांची वाट पाहिली ते हेच दोन शब्द. मी चोपन्न वर्षांचा होतो. "नको," मी म्हणालो, "मला उभं राहायची सवय आहे." हे मी अशा आवाजात म्हणालो की तो घाबरून पुन्हा बसला. सायनला माझे पाय वळायला लागले, दादरला मी त्याच्याकडे आशेने पाहिलं, पण तोवर तो झोपला होता. त्या रविवारी मी केसांना कलप लावला. सोमवारपासून मला कोणीही जागा दिली नाही. कलप फार चांगला होता.

खिडकी मला मिळालीच नाही असं मात्र नाही. ३१ मे २०२१, माझा नोकरीचा शेवटचा दिवस. करोनामुळे लोकल फक्त आमच्यासारख्या सरकारी आणि अत्यावश्यक सेवेतल्या लोकांना. डबा जवळजवळ रिकामा. सगळ्याच खिडक्या मोकळ्या. मी आधी वाऱ्याच्या खिडकीत बसलो, मग उन्हाच्या, मग समोरच्या. विक्रोळीला मला हुंदका आला, पण मास्क असल्यामुळे तो चष्म्यावर धुकं होऊन बसला. शेवटी खिडकीतला स्वतःचा फोटो काढून जुन्या ग्रुपवर टाकला. उत्तरादाखल सात अंगठे आले. एकानेही शब्द लिहिला नाही.

म्हणजे खिडकी मिळाली, पण हेवा करायला माणूस नव्हतं. रिकाम्या डब्यातली खिडकी मी धरत नाही. पावसामुळे रद्द झालेल्या सामन्यातलं शतक धरतात का? (धरत असतील तर मला सांगू नका.)

म्हणून गेल्या नोव्हेंबरातला तो बेत. पहाटे चारलाच जाग आली. पेन्शनचे कागद, आधार कार्ड, पासबुक, हयातीच्या दाखल्याचा कोरा नमुना, सगळं जुन्या ऑफिसच्या बॅगेत भरलं. बायकोने सवयीने डबा भरला आणि मी सवयीने घेतला. मग डोंबिवलीहून आधी उलटा कल्याणला गेलो. याला रिटर्न मारणं म्हणतात. येणारी गाडी कल्याणला रिकामी होते आणि तीच मुंबईकडे निघते; तिच्यात ती थांबायच्या आत उडी मारून बसायचं. नोकरीत असताना हे करणाऱ्यांना मी तत्त्वशून्य समजत असे. आता माझ्याकडे तत्त्वं होती, गुडघे नव्हते. गाडी आली, तरुण पोरं उडत आत गेली, मी ती पूर्ण थांबल्यावर, दांडा धरून, देवळाची पायरी चढावी तसा चढलो. सगळ्या खिडक्या गेलेल्या.

वाऱ्याच्या खिडकीतला कॉलेजचा पोरगा उठला. "आजोबा, इथे बसा."

काकाचा आजोबा झाला होता. पण माणूस अनुभवातून शिकतो. मी 'नको'मधला न सुद्धा उच्चारला नाही.

डोंबिवली आली. फलाटावरची ती भिंतीसारखी गर्दी, ते चेहरे, ते हात, आणि आत खिडकीत मी. ज्या क्षणासाठी छत्तीसहून अधिक वर्षं घालवली तो क्षण. डबा भरला. माझ्यापुढे तीन माणसं उभी राहिली आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे म्हणजे माझ्या जागेकडे. त्यातला एक जरा खजील होऊन म्हणाला, "आजोबा, ही आमच्या ग्रुपची खिडकी आहे. पण बसा, बसा. आज चालेल."

तेवढ्यात कोपऱ्यातून एक पिकल्या मिशांचा आवाज आला. "अहो, तुम्ही ते बोगद्यातले टाळवाले ना?"

सगळ्या डब्याने माझ्याकडे वळून पाहिलं. आता माझ्याकडेच. नवीन पोरांना ती गोष्ट माहीत होती. मी गेल्यावर तेवीस वर्षं त्या ग्रुपमध्ये जो कोणी बेताल वाजवतो त्याला 'बोगदा' म्हणतात, असं कळलं. कोणी बढती घेऊन गेलेला साहेब त्यांना आठवत नव्हता. एका पोराने माझ्यासोबत सेल्फी काढला. मी दुःखी व्हायला हवं होतं. पण खरं सांगतो, मला इतकं बरं वाटत होतं की ठाणं यायच्या आत, वारा तोंडावर घेत, मी गाढ झोपलो.

जाग आली तेव्हा खिडकीबाहेर कापलेली भातशेतं होती आणि मागे डोंगर. पहिल्यांदा वाटलं, झालं, दाखल्याची गरज उरली नाही. मग लक्षात आलं की गाडी उलट्या दिशेने चालली आहे आणि खिडकीतून दिसणारी प्रत्येक गोष्ट माझ्यापासून लांब जात आहे. गाडी मुंबईला पोचली होती, रिकामी झाली होती, तिचीच कर्जत लोकल झाली होती आणि ग्रुपमधल्या मंडळींनी, म्हाताऱ्या माणसाची झोप मोडू नये म्हणून, मला उठवलं नव्हतं. आदर म्हणतात तो हाच. नेरळ गेलं. माथेरानचा डोंगर गेला. मी डबा उघडून पोळी-भाजी खाल्ली, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

कर्जतच्या फलाटावर तिकीट तपासनिसाने हात पुढे केला. माझ्याकडे कल्याण ते मुंबई परतीचं तिकीट. मी सगळी हकीकत सांगितली. त्यात बाबा, गिरणी, बुवा, सगळे आले. तो शांतपणे ऐकत होता. दिवसाला असली दहा-बारा आत्मचरित्रं तो ऐकत असावा. मग म्हणाला, "अडीचशे रुपये दंड, वर भाडं." पावती करायला नाव आणि वय विचारलं. मी ओळखपत्र काढताना बॅगेतून तो कोरा नमुना खाली पडला. त्याने उचलून वाचला.

"हयातीचा दाखला?" त्याने पावती फाडून माझ्या हातात दिली. नाव, वय ६३, तारीख, स्टेशन, खाली सरकारी नोकराची सही. "हा घ्या. आज तुम्ही इथे जिवंत होता याचा यापेक्षा पक्का कागद बँक देणार नाही."

फोन वाजला. बायको.

"झालं का काम?"

"अजून नाही."

"किती रांग आहे?"

समोर फक्त एक कुत्रा झोपला होता. "विशेष नाही," मी म्हणालो. तेवढ्यात ध्वनिक्षेपकावर बाईंनी तीन भाषांत स्टेशनचं नाव घेतलं.

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग ती एवढंच म्हणाली, "कर्जतचे वडे बरे असतात म्हणे. येताना आणा." चाळीस वर्षांच्या संसारात तिने मला असं कितीदा सोडून दिलं असेल, याचा हिशेब मी वडे बांधून घेताना करत होतो. शेजारच्या फलाटावर पुण्याकडे जाणारी गाडी उभी होती आणि घाट चढायला तिला मागून इंजिनं जोडत होते. पुढच्या इंजिनाला बहुधा वाटत असेल की आपणच ओढतो आहोत.

दुसऱ्या दिवशी बायको मला डोंबिवलीतल्याच एका सेवा केंद्रात हाताला धरून घेऊन गेली. संगणकासमोर नातीच्या वयाची मुलगी होती. तिने एक काळं यंत्र पुढे सरकवलं.

"आजोबा, अंगठा ठेवा."

मी खिशातलं पेन काढलं. "सही करतो की."

"सही नको. अंगठा."

मी अंगठा ठेवला. यंत्राने नकार दिला. पुसून ठेवला, ओला करून ठेवला, डावा ठेवला. मग एकेक करून दहाही बोटं झाली. "रेषाच राहिल्या नाहीत हो," ती म्हणाली. "कसलं काम करायचात?"

आयुष्यभर बाबांचा शब्द पाळून मी सह्या केल्या, आणि आता पेन्शनसाठी अंगठा हवा तर तोही चालत नव्हता. बाबांचा नक्की चालला असता. "लोकलचा दांडा धरायचो," मी म्हणालो. तिला तो विनोद वाटला.

"मग चेहरा घेऊ." तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. "सरळ बघा. आता डोळे मिटा. उघडा. आजोबा, इतका वेळ मिटू नका, त्याला वाटेल गेलात. परत. मिटा. उघडा."

मागे रांगेतली सगळी म्हातारी मंडळी श्वास रोखून पाहत होती. मोबाईलवर एक गोल फिरला, थांबला, पुन्हा फिरला. मग हिरवी खूण उमटली.

"झालं!" ती मुलगी पडदा माझ्याकडे वळवून म्हणाली. "बघा, काय आलंय. सक्सेसफुल."

मागून एका आजोबांनी टाळी वाजवली. मी पुन्हा पुन्हा तो शब्द वाचत होतो, चष्मा काढून, घालून. एवढ्या मोठ्या अक्षरात माझ्याबद्दल हे कोणी लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. खिशातून मोबाईल काढून मी त्याचा फोटो घेणार, एवढ्यात बायकोने कागद गोळा करून पिशवीत घातले.

"चला," ती म्हणाली, "पुढच्या नोव्हेंबरपर्यंतच आहे ते."